मोत्याला कडच नसते!

परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावलं तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. पण एक अभ्यास असा आहे, की त्यात दुसऱ्याचं बघून बघूनच उतरवायचं असतं. तेही उघडउघड! आणि शिक्षक मागे उभे राहून रागावतात ते कॉपी केली म्हणून नाही, तर नीट केली नाही म्हणून.

माझी भाची मनू सातवीत आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायचं तिच्या डोक्यात आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे नगरला आली होती. (कागदोपत्री अहिल्यानगर झालं, तरी आईच्या तोंडात अजून नगरच आहे.) आल्या आल्या तिला खोलीतल्या ईझलवर माझं अर्धवट चित्र दिसलं. डोक्याला निळं कापड गुंडाळलेली, कानात मोती घातलेली, खांद्यावरून मागे वळून बघणारी मुलगी.

"आत्या, हे तर मी मोबाइलवर पाहिलंय. तू चक्क कॉपी केलीस?"

"हो. चौथ्यांदा."

मनूचा चेहरा असा झाला, जणू तिने मला रंगेहाथ पकडलंय! आणि हातांना रंग होताच म्हणा.

पुरणपोळी नुसती बघून येते का?

हे चित्र योहानेस व्हर्मीर नावाच्या डच चित्रकाराचं. सुमारे १६६५ सालचं. नेदरलँड्समधल्या हेग शहरात माउरित्सहाउस नावाचं संग्रहालय आहे, तिथे ते असतं. जगभर गाजलेलं हे चित्र केवढं असेल? उंची ४४.५ सेंटिमीटर आणि रुंदी ३९. तुमची दप्तराची पिशवी याहून लहान नसेल!

आता ते उतरवून काय मिळतं? सांगते. समजा, तुमच्यासमोर गरमागरम पुरणपोळी आहे. ती तुम्ही बघितली, खाल्ली, आणखी एक मागून घेतली. पण केली कशी ते कळलं का? नाही. एकदा स्वतः लाटायला घ्या. पोळी फाटते, पुरण बाहेर येतं, तव्याला चिकटतं. मग कळतं की कणीक सैल का भिजवतात आणि तिला तेल का चोपडतात.

चित्राचंही तसंच. पूर्ण झालेलं चित्र आधी काय केलं, मग काय केलं, हे सांगत नाही. सगळा क्रम पोटात लपवून गप्प बसतं. तो क्रम त्याच्याकडून काढून घ्यायचा असेल, तर शेजारी कोरा कॅनव्हास ठेवायचा आणि सुरुवात करायची. चुकलो, की चित्र बोलायला लागतं.

राजा रविवर्मांची गोष्ट आठवते? त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन नावाचा युरोपी चित्रकार आला होता. तैलरंगांचं काम शिकवायला तो काही राजी नव्हता. पण काम करताना बघू दिलं. तरुण रविवर्मांना तेवढं पुरलं. त्यांनी बघून हेरलं आणि स्वतः करत करत शिकले.

मुलगी उलटी टांगा!

मनूने कागद घेतला आणि बसली. दहा मिनिटांत चेहरा तयार. पण ती व्हर्मीरची मुलगी नव्हती. पाहिलेल्या सगळ्या मुलींची सरासरी होती! बदामासारखे दोन डोळे, मध्ये नाक, खाली हसरे ओठ.

असं का होतं? कारण आपला मेंदू भारी आळशी. "डोळा" म्हटलं, की तो ठरलेला डोळा काढून देतो. समोरचा बघतच नाही. त्याला फसवायची एक युक्ती आहे. मी चित्राची छापील प्रत उलटी करून लावली. हनुवटी वर, डोकं खाली.

"आता काढ."

"अगं, पण हे काय आहे तेच कळत नाहीये!"

"तेच तर हवंय."

उलट्या चित्रात नाक नसतं, ओठ नसतात. असतात फक्त आकार: इथे एक काळसर तिरका तुकडा, तिथे फिकट त्रिकोण. मेंदूला नावं सापडेनाशी झाली, की डोळ्यांना काम करावंच लागतं. मनूची दुसरी आकृती सरळ केली, तेव्हा तीच दचकली. मुलगी खरंच मागे वळून बघत होती.

आकृती कॅनव्हासवर न्यायच्याही युक्त्या आहेत. एक म्हणजे चौकटी आखणं. नकाशा मोठा करताना भूगोलाच्या वहीत आखता तशाच. दुसरी तुमच्या दारातली आहे. दिवाळीत भोकांचा छापा ठेवून वरून रांगोळी फिरवता ना? जुने चित्रकारही कागदावरच्या रेषांवर टाचणीने बारीक भोकं पाडायचे आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायचे. खाली ठिपके उमटत. ते जोडले, की आकृती तयार.

चटणीतलं तेल, चित्रातलं तेल

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईची हाक आली. जेवायला भाकरी आणि जवसाची चटणी.

"मनू, ज्या तेलात ते चित्र रंगवलंय, ते तेल आत्ता तुझ्या ताटात आहे."

तिने चटणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पण हे अगदी खरं आहे. तैलरंग म्हणजे रंगाची भुकटी आणि तेल एकत्र घोटून केलेला लगदा. शतकानुशतकं त्यासाठी सर्वांत जास्त वापरलेलं तेल म्हणजे जवसाचं, ज्याला आपण अळशीचंही म्हणतो. आणखी गंमत ऐका. व्हर्मीरचं चित्र ज्या कापडावर आहे ते लिनन. लिनन होतं जवसाच्याच झाडाच्या खोडातल्या धाग्यांपासून. म्हणजे कापड जवसाचं आणि वरचं तेलही जवसाचं! थंड हवेच्या देशांत धाग्यासाठी जवस लावतात. आपल्याकडे मात्र तो बियांसाठी, रब्बीत. निळ्या फुलांनी डवरलेलं जवसाचं शेत पाहिलं नसेल, तर येत्या हिवाळ्यात नक्की बघा.

पण जवसच का? शेंगदाण्याचं तेल का नाही? कारण शेंगदाण्याचं तेल फासलं तर ते दिवसेंदिवस तेलकटच राहील. जवसाचं तेल वाळतं. आणि ते वाळतं कसं, हे मोठं नवलाचं आहे.

ओले कपडे वाळतात म्हणजे पाणी उडून जातं. कपडा हलका होतो. जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. म्हणजे वाळताना ते आधी चक्क जड होतं!

आत काय चालतं? तेल म्हणजे लांबच लांब साखळ्या. त्या साखळ्यांत काही सांधे असे असतात, की ऑक्सिजन आला की तिथे शेजारची साखळी जोडली जाऊ शकते. त्यांना आपण हात म्हणू. खोबरेल तेलाच्या साखळ्यांना असे हात जवळजवळ नसतातच. शेंगदाणा तेलाच्या साखळ्यांना एखाददुसरा. जवसाच्या तेलात मात्र निम्म्याच्या आसपास साखळ्या तीन-तीन हातांच्या! मैदानावर सगळ्या वर्गाने एकमेकांचे हात धरले तर कुणालाही हलता येणार नाही, तसं होतं. तेलाचं जाळं बनतं आणि रंगाचे कण त्या जाळ्यात कायमचे अडकतात.

आपल्याकडच्या करडईचं तेलही वाळतं, पण सावकाश. ते जवसापेक्षा कमी पिवळं पडतं, म्हणून पांढऱ्या रंगासाठी ते वापरतात. म्हणजे रब्बीच्या शिवारातली दोन पिकं जगातल्या चित्रकारांच्या पॅलेटवर जाऊन बसली आहेत.

तळ्याकाठचा चिखल आणि चित्राचे थर

मनूला वाटलं होतं, लगेच निळं कापड रंगवायचं. मी तिच्या हातात फक्त तपकिरी, काळा आणि पांढरा दिला.

"एवढेच?"

"आधी उजेड आणि सावली. रंग मागून."

व्हर्मीरच्या चित्राची २०१८ साली संशोधकांनी यंत्रांनी तपासणी केली. चित्राला हातही न लावता त्याच्या पोटातले थर बघितले. त्यात दिसलं, की त्यानेही आधी तपकिरी आणि काळ्या छटांत मुलीची मांडणी करून घेतली होती. आम्ही तेच करत होतो. मोबाइलमध्ये चित्राचा फोटो रंग काढून पांढरा-काळा करून बघा, म्हणजे या पहिल्या थरात काय हवं ते समजेल. आणि बघताना डोळे किलकिले करा. बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि सावल्यांचे मोठे आकार उरतात.

या पहिल्या थरात तेल कमी आणि टर्पेंटाइन जास्त. वरच्या थरांत हळूहळू तेल वाढवत न्यायचं. हा तैलचित्रांचा जुना नियम. मोडला तर? तळ्याकाठचा चिखल आठवा. वरून कडक पापुद्रा, आत अजून ओलं. पाय ठेवला की पापुद्रा फुटतो. जास्त तेलाचा थर सावकाश वाळतो आणि वाळताना हलत राहतो. तो खाली आणि भराभर वाळणारा थर वर असला, तर वरच्याला तडे जातात.

रंग वाळायची वाट बघणं हाही अभ्यासच. बोटाला कोरडा लागलेला थर आतून पक्का व्हायला कितीतरी महिने लागतात.

मग येतो पारदर्शक थर. स्नेहसंमेलनात दिव्यावर रंगीत जिलेटिन कागद लावतात ना, तसा पातळ रंग खालच्या कोरड्या थरावर फिरवायचा. उजेड त्यातून आत जातो, खालच्या थरावर आपटतो आणि रंगून परत येतो. म्हणून जुन्या तैलचित्रांतले चेहरे आतून उजळल्यासारखे दिसतात.

मुलीच्या मागची काळी पार्श्वभूमीही एकेकाळी काळी नव्हती. गडद थरावर व्हर्मीरने निळीच्या झाडाचा निळा आणि एका वनस्पतीचा पिवळा मिळून पारदर्शक हिरवा चढवला होता. मागे हिरवा पडदा होता! साडेतीनशे वर्षांत तो विटून गेला. मनूने लगेच विचारलं, "मग मी कॉपी कशाची करू? आता दिसतंय त्याची, की तेव्हा होतं त्याची?"

छान प्रश्न. दोन्ही उत्तरं चालतील. पण एक निवडून ती शेवटपर्यंत पाळायची.

धुण्याची नीळ आणि अफगाणिस्तानचा दगड

डोक्याच्या कापडाचा निळा वेगळाच आहे. तो झाडाचा नाही, दगडाचा! अफगाणिस्तानात बदख्शान नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथल्या खाणींतला लाजवर्द नावाचा निळा दगड कुटून, वाटून, धुऊन हा रंग काढत. तो समुद्रापलीकडून युरोपात येई, म्हणून त्याचं नाव पडलं अल्ट्रामरीन, म्हणजे समुद्रापलीकडचा. इतका महाग, की पुष्कळ चित्रकार तो जपून जपून वापरत. व्हर्मीरने मात्र मोठ्या हौसेने वापरला.

पुढे १८२० च्या दशकात हाच रंग कारखान्यात करता येऊ लागला आणि एकदम स्वस्त झाला. इतका स्वस्त, की पांढरे कपडे अधिक पांढरे दिसावेत म्हणून धुण्यात घालायच्या निळीच्या पुडीतही तो जाऊन बसला. राजेरजवाड्यांचा रंग आजीच्या बादलीत!

ज्यांनी कॉपी केली, ते कोण?

"पण मोठे चित्रकार थोडेच कॉपी करतात?" मनूची शंका संपली नव्हती.

रूबेन्सचं नाव ऐकलंय? युरोपातला बडा चित्रकार. सन १६२८-२९ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, तो स्पेनच्या राजवाड्यात बसून तिशियन नावाच्या आधीच्या उस्तादाचं आदम आणि ईव्हचं चित्र उतरवत होता. दोन्ही चित्रं आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. रूबेन्सच्या चित्रात झाडावर एक लाल पोपट आहे. तिशियनच्या चित्रात तो नाहीच! सगळं शिकून घेतलं आणि वर आपला पोपट ठेवून दिला.

प्रादोमध्ये मोनालिसाचीही एक जुनी प्रत आहे. तिची पार्श्वभूमी कित्येक वर्षं नुसती काळी होती. सफाई केली तेव्हा काळ्या रंगाखालून डोंगर आणि वाटा निघाल्या. ही बातमी २०१२ साली जगभर गेली. अवरक्त किरणांनी तपासलं तर आणखी मोठं नवल. लिओनार्दोने मूळ चित्रात आतल्या रेखाटनात जिथे जिथे दुरुस्त्या केल्या, तिथेच या प्रतीतही दुरुस्त्या! म्हणजे गुरूच्या शेजारी बसून शिष्य त्याच वेळी रंगवत होता. गुरूने खोडलं की यानेही खोडलं.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही परवानगी काढून चित्रं उतरवता येतात. मात्र मूळ मापाची प्रत करायची नाही. किमान एक पंचमांशाने लहान किंवा मोठी हवी. म्हणजे खरी कोणती आणि नक्कल कोणती, यात घोटाळा व्हायला नको.

आणि आपल्याकडे? आपले उस्ताद तर त्याहून जुने. अजिंठ्याचे! त्या भित्तिचित्रांच्या नकला तैलरंगात करायचं काम रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ मध्ये हाती घेतलं. वर्षानुवर्षं तो त्या लेण्यांत राबला. पण त्या नकला जिथे ठेवल्या होत्या, त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली आग लागली आणि त्याच्या जवळपास सगळ्या नकला जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. अंधाऱ्या लेण्यांत बसून मुलं मोठमोठ्या कॅनव्हासवर ती चित्रं उतरवत. हे काम १८८५ पर्यंत चाललं. यातल्याही बऱ्याच नकला लंडनमध्ये १८८५ सालीच लागलेल्या आगीत गेल्या.

म्हणजे सगळे कष्ट वाया? मुळीच नाही. कॅनव्हास जळाला, डोळा कसा जळेल? त्या मुलांमध्ये पेस्तनजी बोमनजी होते. पुढे ते तैलरंगातल्या व्यक्तिचित्रांसाठी नावाजले गेले.

आणि नगरकरांनो, एक नाव तुमच्या गावचं. गोपाळ देऊसकर. जन्म नगरचा, १९११ चा. जे. जे. मध्ये शिकले, पुढे लंडनलाही गेले आणि व्यक्तिचित्रांचे मोठे चित्रकार झाले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात त्यांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत. एकात ते पुरुषवेषात, एकात स्त्रीभूमिकेत. माणूस एकच, पण बघणं दोनदा! नगरहून पुण्याची एसटी पकडलीत, की नाटक बघायच्या आधी ती चित्रं बघून या. घाई न करता बघा. उजेड कुठून येतोय, सर्वांत काळी सावली कुठे आहे, एवढं शोधलंत तरी पुष्कळ.

आता मोती

सगळं झालं. उरला मोती. मनूने बारीक ब्रशने छानसा गोल काढला आणि आत पांढरा भरला. कानाला जणू कॅरमची सोंगटी लागली! तिने गोल पुसला, पुन्हा काढला. पुन्हा सोंगटी.

"व्हर्मीरचा मोती भिंगातून बघ," मी म्हणाले, "आणि त्याची कड मला दाखव."

तिने छापील प्रतीवर भिंग धरलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आत्या, कडच नाहीये!"

खरंच नाही. तो कानात अडकवायला आकडासुद्धा रंगवलेला नाही. वरच्या बाजूला दाट पांढऱ्याचा एक ठसठशीत फटकारा. तो उजेडाचा. खाली एक मऊ, फिकट पट्टा. ती तिच्याच पांढऱ्या कॉलरची पडछाया. बाकी मानेची सावली. मोती काढलेलाच नाही; मोत्यावर पडलेला उजेड तेवढा काढलाय. उरलेला मोती आपले डोळे करतात.

मनू एकदम उठली आणि आजीकडे धावली. आई दुपारची पडली होती. उठून बसली तर नात नाकाला नाक लावून तिच्या कानातली कुडी बघतेय!

"आजी, हलू नको. प्रत्येक मोत्यात आपली खिडकी दिसतेय. इवलीशी!"

आमचं चित्र सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात पुरं झालं. नाक जरा बाकं आहे. निळं कापड फार दाट झालंय. आणि व्हर्मीरच्या त्या डच मुलीच्या कानात मोत्यांची मराठी कुडी आहे. प्रत्येक मोत्याला एकेक पांढरा ठिपका, कड कुठेच नाही.

"हा माझा पोपट," मनू म्हणाली.

करून पाहा

एका जुन्या फरशीच्या तुकड्यावर किंवा काचेवर तीन ठिकाणी तेलाचा अगदी पातळ थर बोटाने पसरा: जवसाचं, शेंगदाण्याचं आणि खोबरेल. खाली नावं लिहा. उजेडाच्या जागी ठेवा. रोज काडीने हलकेच स्पर्श करून वहीत नोंद करा: ओलं, चिकट, की कोरडं? घाई नको, जवसाला काही दिवस ते दोन आठवडे लागू शकतात.

एक इशारा: जवसाचं तेल पुसलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ऑक्सिजन घेताना तेल गरम होतं, चुरगळलेल्या चिंधीत ती उष्णता कोंडते आणि काडी न लावताही चिंधी पेट घेऊ शकते. चिंधी पाण्यात भिजवा आणि बाहेर पसरून वाळवा. टर्पेंटाइन वापरायचं असेल तर खिडक्या उघड्या आणि सोबत मोठं माणूस हवंच.